विजयदुर्ग दाखवताय, तर बंदरासकट दाखवा

विजयदुर्गाच्या पर्यटनाचा आराखडा ज्यांच्या टेबलावर आहे किंवा उद्या येणार आहे, अशा पुरातत्त्व, पर्यटन, बंदर आणि ग्रामविकास खात्यांतील अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बारा किल्ल्यांच्या त्या यादीत समुद्राशी थेट नाते असलेले चार आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मान मिळाला की मागोमाग निधी येतो आणि निधी आला की कमानी, रंगीत दिवे आणि छायाचित्रासाठीचे कोपरे येतात. ते यायच्या आत हे पत्र आपल्यापर्यंत पोचावे.

आमचे म्हणणे एकच आहे. विजयदुर्ग हा बंदर राखण्यासाठी बांधलेला किल्ला आहे. वाघोटण खाडी, तिच्या मुखाशी असलेला धक्का, आत लपलेली गोदी आणि गिर्ये गाव यांना वगळून नुसता तट दाखवला, तर हा किल्ला इथेच का आहे याचे उत्तर पाहुण्याला मिळत नाही. तो पश्चिमेच्या बुरुजावर मावळता सूर्य बघतो आणि देवगडच्या वाटेला लागतो.

उत्तर खाडीत आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला त्यावर पाणी कमी, पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात, आणि अनोळखी तांडेल तिथेच फसतो. वाघोटणच्या मुखाशी असा दांडा नाही. जुन्या गॅझेटिअरमध्ये या बंदराची ओळख कोणत्याही हवेत आत शिरता येईल असे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यातही सुरक्षित निवारा देणारे बंदर अशीच आहे. खाडीतून माल वर खारेपाटणपर्यंत जाई आणि तिथून घाटावर चढे. खारेपाटणचे महत्त्व किती जुने, याची साक्ष शिलाहार रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट देतो. तेव्हा मुखाशी किल्ला बांधणारा राजा दगडांची हौस भागवत नव्हता. घाटाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या जलमार्गाचे दार त्याला ताब्यात हवे होते. किल्ल्याची पहिली उभारणी शिलाहार भोज दुसरा याच्या नावावर, बाराव्या शतकाच्या शेवटाशी सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून १६५३ मध्ये घेतला अशी परंपरा आहे, आणि ते विजय संवत्सर होते हे पंचांगाच्या हिशोबातही बसते.

पुढचा इतिहास फलकावर लिहिताना एक क्रम पाळावा, कारण त्या क्रमातच किल्ल्याची रचना उलगडते. १७१७ साली मुंबईकर इंग्रज चाल करून आले आणि हात हलवत परत गेले. १७२० साली ते ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना घेऊन आले, तोही फसला. १७२४ साली डच सात जहाजे घेऊन आले, त्यांचेही काही चालले नाही. समुद्राच्या अंगाने हा किल्ला पडत नाही, हे तीन वेळा सिद्ध झाले. १७५६ साली पडला तो खाडीच्या अंगाने. १२ फेब्रुवारीला अॅडमिरल वॉटसनचे आरमार थेट मुखातून आत शिरले आणि उत्तरेच्या तटासमोर उभे राहिले. तेव्हा किल्ला ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेले होते. पूर्वी इंग्रजांकडून हिसकावून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर एक गोळा पडला, आग लागली, आणि गुराबांमागून गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, पेटत गेल्या. जमिनीवर क्लाइव्ह आपली फौज घेऊन उतरला होता. या मोहिमेत इंग्रजांच्या सोबत असलेल्या, पेशव्यांच्या रामाजी महादेवांच्या मराठी फौजेला किल्ला आधी मिळू नये, हाही त्यातला डाव. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला.

म्हणून पाहुण्याला उत्तरेच्या तटावर उभे करा. तिथून खाडीचे मुख, समोरचा राजापूर तालुक्याचा किनारा आणि खालचा नांगरवाडा, म्हणजे जहाजे नांगरायची जागा, एका नजरेत येतो. आरमार कुठे बांधलेले होते, शत्रू कुठून आला, तोफांचा कोन कसा होता, हे तिथे दोन मिनिटांत समजते. या जागी एक आडवा, कमरेइतक्या उंचीचा, खाडीचा नकाशा कोरलेला दगडी फलक पुरे. उभा लोखंडी फलक खाऱ्या वाऱ्यात दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो आणि दृश्यही अडवतो.

त्याच फलकावर गुराब आणि गलबत यांच्या आकृत्या हव्यात. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, नाळेवर पुढे रोखलेल्या तोफा असलेली. गलबत सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत आणि शत्रूच्या मागच्या अंगाला नेऊन सोडत, कारण तिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. हे कळल्याशिवाय एवढेसे आरमार युरोपी जहाजांना भारी का पडले, हे कळत नाही. तुळाजींच्या पाडावानंतर पेशव्यांचे आरमार इथेच राहिले, आणि त्याचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. ‘पूर्वेचे जिब्राल्टर’ ही बिरुदावली मात्र फलकावर नसली तरी चालेल. ज्याने जिब्राल्टर पाहिले नाही त्याला त्यातून काही कळत नाही, आणि ज्याने पाहिले आहे त्याला ती गरज नाही.

आता गोदी. खाडीने आत सुमारे ३ किलोमीटरवर आंग्रेकालीन गोदी आहे, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, खडकात खोदलेली आणि चिऱ्यांनी बांधलेली. विजयदुर्ग परिसरात दगडी नांगरही सापडले आहेत आणि त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. किल्ल्याइतकीच महत्त्वाची ही जागा आहे, आणि बहुतेक सहली तिकडे फिरकत नाहीत. अशा गोदीचे काम भरती-ओहोटीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते, तेव्हा जहाज आत घ्यायचे. पाणी उतरले की ते तळावर टेकते, तोंड बंद करून काम सुरू करायचे, आणि पुढच्या उधाणाला बाहेर काढायचे. या किनाऱ्यावर उधाणाची चढउतार दोन-अडीच मीटरची, मुंबईपेक्षा कितीतरी कमी. म्हणजे कमी पाण्यावर तरंगणारा, चपट्या तळाचा सांगाडाच इथे आत येऊ शकतो. आंग्र्यांच्या जहाजांचा घाट आणि त्यांची गोदी एकमेकांना जुळून आहेत, ते असे.

गोदीकडे बघताना उत्साहाच्या भरात एक घोटाळा हमखास होईल, तो आधीच सांगतो. गाळ साचला आहे आणि तिवर वाढले आहेत, म्हणून ‘सुशोभीकरणा’साठी पोकलेन लावायची कल्पना कुणाला तरी सुचेल. तिवरांच्या कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही. काम न्यायालयात अडकेल हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की यंत्राच्या दातांखाली गाळातले लाकडाचे तुकडे, खिळे, नांगर आणि बांधकामाचे थर एकत्र कालवले जातील, आणि गोदीचा जो पुरावा आहे तो त्या गाळातच आहे. आधी मोजणी, मग पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली लहान चाचणी-खड्डे, आणि पाहुण्यांसाठी काठावरून दिसेल अशी एक साधी वाट. एवढ्यावर पहिली पाच वर्षे भागतील.

गिर्ये इथले रामेश्वराचे देऊळ याच साखळीतले. खडक फोडून केलेल्या वाटेने आपण देवळात उतरतो, आणि तिथे सरखेल संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. धक्का, किल्ला, गोदी, गिर्ये असा अर्ध्या दिवसाचा मार्ग एका तिकिटात बसतो. नुसत्या किल्ल्याला दोन ते अडीच तास द्यावेत आणि ते सकाळी, कारण जांभा तापला की एप्रिलमध्ये दुपारी पाय टेकवत नाही.

आता एक अवघड गोष्ट. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत आणि तिथे उभे राहून ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयरने इथे हेलियमचा शोध लावला’ असे सांगितले जाते. त्या तारखेला दिवसही साजरा होतो. हे सरकारी फलकावर कोरले जाऊ नये. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण खरे आहे. हेलियमच्या शोधात ज्यांचे नाव घेतले जाते ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वर्षी हिंदुस्थानात नव्हते. पुढे हेलियमची म्हणून ओळखली गेलेली, सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली आणि ती एका नव्या मूलद्रव्याची असावी असे मांडले. पृथ्वीवर ते द्रव्य रॅम्झे यांना १८९५ मध्ये सापडले. लॉकयर हिंदुस्थानात ग्रहणासाठी पहिल्यांदा आले ते १८७१ मध्ये, केरळच्या बेकल किल्ल्यावर.

विजयदुर्गाचा खरा दिवस २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर यांनी या किल्ल्यात तळ दिला होता. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. जड दुर्बिणी आणि कॅमेरे समुद्रमार्गे थेट किल्ल्याखाली उतरवता आले, कारण खाली बंदर होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, तेवढ्यात प्रत्येकाचे काम ठरलेले, म्हणून खलाशांकडून आधी कवायती करून घेतल्या जात. ओटे या मुक्कामाशी जोडून सांगा. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर इथून केले होते, तेही फलकावर यावे. आपल्या माणसाचे नाव परकीयाच्या शेजारी आले म्हणून काही बिघडत नाही.

यात किल्ल्याचा तोटा काहीच नाही, उलट सोय आहे. ऑगस्टमध्ये कोकणात आभाळ झाकलेले, पायऱ्यांवर शेवाळ, प्रवासी होड्या बंद. जानेवारीत आकाश निरभ्र आणि हंगाम भरात असतो. २२ जानेवारीला दुर्बिणी लावून आकाशदर्शन ठेवता येते आणि शाळांच्या सहलीही त्याच महिन्यात निघतात. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली असलेल्या भिंतीबद्दलही हीच शिस्त हवी. १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी तिची मापे सांगितली जातात. ती बुरुजावरून दिसत नाही, ओहोटीलाही नाही. तरी समोरच्या खडकांकडे बोट दाखवून ‘ती बघा भिंत’ म्हटले जाते. मार्गदर्शकांना द्यायच्या पुस्तिकेत जागा नकाशावर दाखवावी, म्हणजे बोट तरी एका दिशेला जाईल.

सर्वांत जास्त पैसा तटाच्या दुरुस्तीवर जाईल, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर.

पावसाळ्यात तट ढासळला की दोष लाटांना दिला जातो. लाटा पायथा खातात हे खरे, पण बहुतेक ठिकाणी पाणी वरून शिरते. तटावरच्या फांजीचा, म्हणजे माथ्यावरच्या चालवाटेचा, चुन्याचा कोबा फुटलेला असतो. पाऊस त्या भेगांतून तटाच्या पोटातल्या दगडमातीच्या भरावात उतरतो, चुना धुऊन नेतो, भराव फुगतो आणि बाहेरचे चिरे पुढे ढकलतो. तटाला पोट सुटते. अशा फुगलेल्या भागाच्या सांध्यांतून पाऊस थांबल्यावरही पाणी पाझरताना दिसते आणि चिऱ्यावर पांढरा लोणा धरतो. ही खूण दिसल्यावर दोन-तीन पावसाळे हातात असतात. म्हणून दुरुस्तीचा क्रम वरून खाली असावा: आधी फांजीचा कोबा आणि उतार, मग बुजलेल्या पन्हळी मोकळ्या करणे, मग सांधे, आणि शेवटी दर्शनी चिरे. उलटा क्रम धरला तर दर्शनी भाग दुरुस्त दिसतो आणि आतून पुन्हा फुगतो.

सांध्यांत सिमेंट नको. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो आणि बाहेर टाकतो. सिमेंटचा सांधा पाणी अडवतो, मग ते चिऱ्यातून बाहेर पडते, त्यातले मीठ चिऱ्याच्या पृष्ठभागामागे स्फटिक धरते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी जागच्या जागी आणि चिरे दोन-तीन बोटे आत खाल्लेले, असे चित्र दिसते. ते पाहायला फार लांब जावे लागत नाही.

चुन्याचे काम मात्र चुन्याच्या नियमाने व्हावे. कळीचा चुना निदान महिनाभर भिजवून, गाळून घ्यावा. न भिजलेले कण सांध्यात राहिले की नंतर फुलतात आणि सांधा उडवतात. एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग धुतलेली, गोड्या पाण्याची वाळू. किनाऱ्यावरची किंवा खाडीची वाळू स्वस्त पडते आणि मीठ घेऊन येते. पाणीही खाडीचे नको. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे ओलसर गोणपाटाखाली ठेवावे लागते, आणि इथेच सरकारी वेळापत्रक आड येते. निधी मार्चमध्ये खर्ची पडतो, गवंडी एप्रिलमध्ये येतात, मे महिन्यात गावातल्या विहिरी तळाला जातात, टँकरचे पाणी प्यायला पुरत नाही तर तटावर कोण मारणार, आणि जूनच्या पहिल्या सरीत कच्चा चुना वाहून जातो. निविदा पावसाळ्यात काढा, दिवाळी संपली की काम सुरू करा आणि मार्चअखेर परांची उतरवा.

तटात रुजलेला पिंपळ, वड किंवा उंबर उपटू नये. मूळ ओढले की चिरा बरोबर येतो. खोड तटाच्या पातळीला कापून, मुळावर औषध सोडून ते मरू द्यावे आणि पोकळीत पातळ चुना भरावा. रोप बोटाएवढे असताना काढले तर यातले काहीच करावे लागत नाही. वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, चार माणसे आठवडाभर लावली तरी लाखो रुपये वाचतील. कोसळलेले चिरे पायथ्याशी तसेच पडू देऊ नयेत. जागेवर छायाचित्र घ्यावे, क्रमांक घालावेत आणि भरतीच्या रेषेच्या वर रचून ठेवावेत, कारण त्या मापाचा आणि त्या घडणीचा चिरा आजच्या खाणीतून मिळत नाही. पश्चिमेला सिमेंटचे टेट्रापॉड टाकायचे असतील तर आधी लाटांचा अभ्यास व्हावा. असा बंधारा जिथे संपतो तिथे लाटेचा मार दुप्पट बसतो, आणि त्या टोकाला नेमका तट असला तर सगळेच मुसळ केरात.

सोयींबद्दल. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. विजयदुर्गाचा धक्का आणि बाजाराचा काही भाग त्यात येतो, त्यामुळे माहिती केंद्राची इमारत ३०० मीटरच्या बाहेर, गावाच्या अंगाला आखावी. त्यामुळे गाड्याही तिथेच थांबतील. पण स्वच्छतागृह होत नाही याचे कारण म्हणून हा नियम पुढे करू नये. सार्वजनिक शौचालये, मुताऱ्या, गटारे आणि पाणीपुरवठ्याची कामे यांना त्याच कायद्यातल्या ‘बांधकामा’च्या व्याख्येतून वगळलेले आहे. सहलीच्या दिवशी तीन-चार बस भरून मुली येतात, त्यांच्यासाठी हे कलम कुणीतरी वाचावे.

मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळल्यावर विजयदुर्ग सुमारे ५० किलोमीटर. पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावर मोठी, वाचता येईल अशी पाटी हवी. एकेकाळी मुंबईची बोट इथे थांबत असे, तेव्हा रस्त्याच्या पाटीची गरज नव्हती. होडीतून किल्ल्याभोवती फेरी हा इथला सर्वांत चांगला अनुभव, आणि तो व्यवस्थित सुरू करायला फार खर्च नाही: प्रत्येक डोक्यामागे जीवरक्षक जाकीट, होडीवर ठळक लिहिलेली माणसांची मर्यादा, धक्क्यावर लावलेला दरफलक आणि ओहोटीलाही पाय ठेवता येतील अशा, पाण्याखाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. आज धक्क्याची उंची भरतीच्या हिशोबाची, म्हणून ओहोटीला वयस्कर माणसांना हात धरून उतरवावे लागते.

आणि धक्क्यावर भरतीचा फलक लावावा. तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती, हा जुना आडाखा मुंबईपुरता बरा चालतो: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, म्हणून विजयदुर्गाला ती मुंबईच्या आधी लागते आणि तो आडाखा धरून आलेला पाहुणा उशिरा पोचतो. रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि पाण्याची उंची, एवढे चार ओळींत खडूने लिहायचे. बंदर कार्यालयाकडे भरतीचे कोष्टक असते. फळ्याचा आणि खडूचा खर्च ग्रामपंचायत उचलू शकते.

आपले,
विजयदुर्ग आणि गिर्ये परिसरातील काही रहिवासी, होडीवाले आणि इतिहासाचे अभ्यासक